साखर कारखान्याचं नेटवर्क : स्पॅनिंग ट्रीच्या बंदोबस्ताच्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

स्पॅनिंग ट्री म्हणजे नेटवर्कमध्ये लूप, म्हणजे डेटा गोल फिरत राहील अशी वाट, होऊ नये म्हणून स्विचांनी आपसांत ठरवून जादा जोडण्या बंद ठेवण्याची पद्धत. त्यासाठी ते एकमेकांना जे छोटे निरोप पाठवतात ते बीपीडीयू. काम असं आहे : कारखान्याच्या सगळ्या स्विचांवर पोर्टफास्ट (टोकाचा पोर्ट लगेच उघडणारी सोय), बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणारा), रूट गार्ड, लूप गार्ड, यूडीएलडी (फायबरची एकच दिशा चालू राहिली तर ओळखणारी सोय) आणि स्टॉर्म कंट्रोल बसवायचं. मुदत दसऱ्यापर्यंत, म्हणजे २ ऑक्टोबर. त्या दिवशी बॉयलर अग्निप्रदीपन आहे. नंतर मोळी पडेपर्यंत किरकोळ दुरुस्त्या चालतील, पण स्विच बंद करायला कोणी परवानगी देणार नाही.

हे काम निघालं गेल्या हंगामामुळे. टाइम ऑफिसात टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच होता. खोली झाडताना सुटलेली पॅचकॉर्ड कुणीतरी पुन्हा खोचली, आणि तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली. टाइम ऑफिस आणि वजनकाटा तेव्हा एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचांवर आखलेल्या एकाच आभासी नेटवर्कात) होते. काट्याचे संगणक सर्व्हरपासून तुटले, स्लिपा निघेनात, ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली. शेवटी हाती पावत्या लिहून गाड्या सोडल्या. लूप शोधायला वेळ लागला तो एकाच कारणानं : कुठल्या पोर्टमागे काय आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून सुरुवात कमांडनं नाही, वहीनं. स्विचांचं प्रत्येक कपाट उघडायचं, प्रत्येक वायर हातात धरायची. पितृपक्ष चालू आहे, आत्ता नवीन काम काढू नका, असं स्टोअरमधून सुचवण्यात आलं. पाहणी म्हणजे काही नवीन काम नव्हे, यावर एकमत झालं.

१० सप्टेंबर, बुधवार

मांडणी लिहून ठेवतो. सर्व्हर रूममध्ये दोन कोअर स्विच, कॅटलिस्ट ९३००; त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. दोघांमध्ये १० गिगाबिटची जोडणी. बाकी सगळीकडे २९६०-एक्स : प्रशासकीय इमारत, शेतकी ऑफिस, वजनकाटा केबिन, टाइम ऑफिस, स्टोअर, लॅब, डिस्टिलरी. प्रत्येकाचे दोन फायबर अपलिंक, एक ‘अ’कडे, एक ‘ब’कडे. साखर गोदामं मात्र एकामागे एक ओवलेली. को-जनमध्ये (सहवीजनिर्मितीत) दुसऱ्याच कंपनीचा स्विच आहे. गिरणी आणि बॉयलरचं कंट्रोल नेटवर्क फायरवॉलपलीकडे वेगळं आहे, त्याला या कामात हात लावायचा नाही.

‘शो स्पॅनिंग-ट्री रूट’ मारलं. सगळ्या व्हीलॅनचा रूट, म्हणजे ज्याला धरून बाकीचे स्विच आपल्या वाटा ठरवतात तो, निघाला वजनकाटा केबिनमधला स्विच! प्राधान्य कुठेच ठरवलेलं नसल्यामुळे सगळ्यांचा आकडा बनवणाऱ्या कंपनीकडून आला तसाच, ३२७६८ अधिक व्हीलॅन क्रमांक. कमी आकडा जिंकतो; बरोबरी झाली की कमी मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) असलेला जिंकतो. काट्यावरचा स्विच सगळ्यांत जुना, त्याचा पत्ता सगळ्यांत लहान. ऊस मोजणाऱ्या केबिनमधला, छतावरच्या पत्र्यानं तापणारा, धुळीनं भरलेला स्विच सगळ्या नेटवर्कचा मुखिया.

याचा परिणाम काय, ते कागदावर काढलं तेव्हा कळलं. जोडणी जितकी वेगवान तितकी वाटेची किंमत कमी. ‘अ’ला रूटकडे जायची किंमत ४ (एक गिगाबिट), ‘ब’लाही ४. एकमेकांकडून जायचं तर २ अधिक ४, म्हणजे ६. त्यामुळे दोन कोअरमधली १० गिगाबिटची जोडणी दोघांच्याही कामाची नाही, आणि ‘ब’च्या बाजूला ती ब्लॉक होऊन पडली आहे. ‘अ’कडून ‘ब’कडे जाणारा सगळा डेटा काट्याच्या केबिनमधून एक गिगाबिटनं फिरून येतो. ती केबिन वीज गेली की यूपीएसवर फार वेळ तग धरत नाही.

दुसरी गोष्ट ‘शो स्पॅनिंग-ट्री डिटेल’मध्ये दिसली. टोपॉलॉजी बदलाचे आकडे सतत वाढताहेत, आणि बदल येतोय तो साध्या संगणकांच्या पोर्टवरून. पोर्टफास्ट नसल्यामुळे सकाळी दहाला ऑफिस भरलं की प्रत्येक संगणक सुरू होताना नेटवर्कला ‘रचना बदलली’ अशी वर्दी जाते, स्विच शिकलेले मॅक पत्ते विसरतात आणि थोडा वेळ सगळी वाहतूक सगळ्या पोर्टांवर उधळतात. शिवाय प्रत्येक संगणकाला पोर्ट उघडायला ३० सेकंद लागतात, पंधरा ऐकण्यात आणि पंधरा शिकण्यात. तोवर विंडोज डीएचसीपीची (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेची) वाट पाहून स्वतःच १६९.२५४नं सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. शेतकी ऑफिसची ‘सकाळी नेट येत नाही, वायर काढून घातली की येतं’ ही जुनी तक्रार हीच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वही भरत आली. पोर्टांच्या चार जाती ठरवल्या आणि प्रत्येक पोर्टला त्यातली एक दिली.

टोक : संगणक, प्रिंटर, कॅमेरा, काट्याचा इंडिकेटर, फोन. इथे पलीकडून बीपीडीयू कधीच येता कामा नये.
टोक, पण ट्रंक (एकाच वायरीवर अनेक व्हीलॅन) : वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट आणि व्हर्च्युअल सर्व्हर.
वर जाणारा : कपाटातून कोअरकडे.
खाली जाणारा : कोअरकडून कपाटाकडे.

पाचवी जात आपोआप तयार झाली : ‘माहीत नाही’. त्यावर जिवंत दिवा आहे, पण वायर भिंतीत जाते आणि कुठे निघते ते कोणालाच सांगता येत नाही. असे पोर्ट बहुतेक शेतकी ऑफिसात आणि जुन्या गेस्ट हाऊसकडे. या जातीला कुठलाच गार्ड द्यायचा नाही. आधी तिचं नाव लावायचं. सोमवारी टोनर (भिंतीतली वायर शोधायचं यंत्र) घेऊन वायरमन येतो आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

टोनरनं बहुतेक वायरी लागल्या. शेतकी ऑफिसात चिटबॉय लोकांच्या खोलीत, कपाटावर, पंचांगांच्या गठ्ठ्यामागे आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच सापडला. कधीतरी नोंदी भरायला जास्त संगणक लागले तेव्हा आणलेला. तो स्वतः बीपीडीयू पाठवतो. आत्ताच गार्ड लावला असता तर अख्खी खोली बंद पडली असती आणि दोष नव्या कन्फिगरेशनवर आला असता. तो काढायचा, तिथे भिंतीतून सरळ पाच वायरी ओढायच्या.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज चर्चा फक्त रूट गार्डची. व्यवस्थापनाकडून आलेली जुनी चेकलिस्ट म्हणते, ‘रूट गार्ड फक्त प्रायमरी कोअरवर लावावा’. मला ते पटलं नाही, म्हणून फळ्यावर मांडलं.

रूट गार्ड लावलेल्या पोर्टवर सध्याच्या रूटपेक्षा सरस बीपीडीयू आला, तर तो पोर्ट ‘रूट-इनकन्सिस्टंट’ होऊन थांबतो. सरस बीपीडीयू येणं बंद झालं की आपोआप सुटतो, माणूस लागत नाही. आता धरा, लॅबच्या कपाटात कुणी शून्य प्राधान्याचा स्विच आणून लावला. ‘अ’ आपला लॅबकडचा पोर्ट बंद करेल. ‘ब’वर गार्ड नसेल, तर ‘ब’ त्या उपऱ्याला रूट मानेल आणि तीच बातमी दोन कोअरमधल्या जोडणीवरून ‘अ’ला सांगेल. त्या जोडणीवर तर गार्ड ठेवता येत नाही. म्हणजे ‘अ’ पुढचं दार लावून बसला आणि पाहुणा मागच्या दारानं आत. गार्ड दोघांवर हवा, नाहीतर नकोच.

पण दोघांवर लावला की दुसरा प्रश्न उभा राहतो. ‘अ’–‘ब’ जोडणीच तुटली, तर ‘अ’चा बीपीडीयू ‘ब’ला खालून, एखाद्या कपाटातून, मिळेल. तो सरसच असणार. ‘ब’ आपले सगळे खाली जाणारे पोर्ट बंद करेल आणि एकटा पडेल. कपाटं ‘अ’वर चालू राहतील, पण ‘ब’ला जोडलेला बॅकअप सर्व्हर कोणालाच दिसणार नाही. म्हणून निर्णय : दोन कोअरमध्ये एकाऐवजी दोन जोडण्या, पोर्ट-चॅनल करून (म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी धरली जाते), एलएसीपी या पद्धतीनं, दोन वेगळ्या मार्गांनी. एक रॅकमधून, दुसरी छतावरच्या ट्रेमधून. पोर्ट-चॅनल आधी, रूट गार्ड नंतर. हा क्रम बदलायचा नाही.

प्राधान्य : ‘अ’ ४०९६, ‘ब’ ८१९२, सगळ्या व्हीलॅनसाठी. ‘रूट प्रायमरी’ ही सोयीची कमांड वापरायची नाही. ती त्या क्षणी दिसणाऱ्या रूटकडे बघून, साधारणपणे २४५७६, असा आकडा टाकून मोकळी होते. पुढे परिस्थिती बदलली तरी आकडा तोच राहतो. आकडा आपणच लिहावा, वाचणाऱ्याला हेतू कळतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार, रात्रपाळी

रात्री अकरानंतर. डिस्टिलरीच्या शिफ्ट इन्चार्जना आधी सांगून ठेवलं.

पहिलं, मोड. निम्मे स्विच जुन्या पीव्हीएसटीवर (प्रत्येक व्हीलॅनची वेगळी स्पॅनिंग ट्री), निम्मे रॅपिड-पीव्हीएसटीवर (तिचाच वेगवान प्रकार) होते. दोन्ही एकमेकांशी बोलतात, पण जुना शेजारी भेटला की त्या पोर्टवर रॅपिडचा वेग गेलाच. आधी सगळे रॅपिडवर आणले, कडेच्या कपाटापासून कोअरकडे येत. मग कोअरचं पोर्ट-चॅनल. मग ‘अ’ आणि ‘ब’चं प्राधान्य.

रूट काट्याच्या केबिनमधून ‘अ’वर आला. कोअरमधली जोडणी उघडली. प्रत्येक कपाटाचा ‘अ’कडचा अपलिंक रूट पोर्ट, ‘ब’कडचा राखीव. पिंग जेमतेम हललं. जुन्या मोडमध्ये हेच काम केलं असतं तर प्रत्येक वेळी अर्धा मिनिट तरी सगळं ठप्प झालं असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आता ‘नवीन काम’ चालेल.

टोकाच्या पोर्टांवर पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड. दोन वाटा आहेत. ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूगार्ड डिफॉल्ट’ ही सगळ्या स्विचला लागू होणारी कमांड फक्त ज्या पोर्टवर पोर्टफास्ट प्रत्यक्ष चालू आहे तिथेच काम करते. ‘बीपीडीयूगार्ड एनेबल’ ही पोर्टखाली लिहिली की पोर्टफास्ट असो-नसो, लागू. मी दोन्ही ठेवल्या : वहीतल्या ‘टोक’ पोर्टांवर स्पष्ट लिहिली, आणि उद्या कुणी नवीन पोर्ट घाईत नुसता पोर्टफास्ट देऊन सुरू केला तर त्याच्यासाठी डिफॉल्ट. ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हरच्या पोर्टांवर ‘पोर्टफास्ट ट्रंक’, कारण साधा पोर्टफास्ट ट्रंकवर लागतच नाही.

बीपीडीयू फिल्टर कुठेही नाही, हे इथे ठळक लिहून ठेवतो. पोर्टखाली लिहिलेला फिल्टर बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेला वाचतही नाही. म्हणजे त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री बंदच. नावावरून तो संरक्षणातला वाटतो, म्हणूनच धोका.

२३ सप्टेंबर, मंगळवार

टेबलावर प्रयोग. गेल्या हंगामातला प्रसंगच पुन्हा घडवला, पण रिकाम्या व्हीलॅनमध्ये. स्टोअरमधून दोन वेगळ्या बनावटीचे पाच पोर्टचे स्विच आणले आणि एकेकाच्या दोन पोर्टांत पॅचकॉर्ड खोचली.

पहिल्यानं आमच्या स्विचचा बीपीडीयू लूपमधून फिरवून परत पाठवला. गार्डनं पोर्ट लगेच बंद केला. लॉगमध्ये ‘ब्लॉक-बीपीडीयूगार्ड’, पोर्टची स्थिती ‘एरर-डिसेबल्ड’. छान.

दुसऱ्यानं बीपीडीयू गिळला. बीपीडीयू ज्या मल्टिकास्ट पत्त्यावर जातो, ०१:८०:सी२:००:००:००, तो पत्ता नियमाप्रमाणे पुलानं (ब्रिजनं, म्हणजे स्विचनं) पुढे ढकलायचाच नसतो. हा स्विच तेवढा नियम पाळतो आणि स्वतः स्पॅनिंग ट्री मात्र चालवत नाही. त्यामुळे गार्डला काही दिसेना, आणि ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या डेटाचा) लोंढा आमच्या पोर्टवर सुरू. नियम पाळणाराच इथे घातक ठरतो. बीपीडीयू गार्ड लावला की लूप संपला, असं समजणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग दाखवावा.

यावर उपाय स्टॉर्म कंट्रोल. टोकाच्या पोर्टांवर ब्रॉडकास्टची मर्यादा १ टक्का, म्हणजे गिगाबिटच्या पोर्टवर १० मेगाबिट, आणि ओलांडली की शटडाऊन. काट्याच्या किंवा ऑफिसच्या कुठल्याही संगणकाला एवढा ब्रॉडकास्ट कधी लागत नाही. पुन्हा तोच प्रयोग : पोर्ट बंद, बाकीच्यांना पत्ताही नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

बंद झालेला पोर्ट आपोआप उघडावा का, यावर बरीच वादावादी. ‘एररडिसेबल रिकव्हरी’ चालू केली तर ठरलेल्या वेळानं, मुळात ३०० सेकंदांनी, पोर्ट पुन्हा प्रयत्न करतो. लूप तसाच असेल तर पुन्हा बंद.

मी म्हणत होतो, बंदच राहू द्या. फोन येईल, माणूस जाईल, कारण सापडेल. काट्यावरच्या अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, रात्री तीनला फोन उचलणार कोण? माझ्याकडं गाड्या उभ्या असतात.” त्यांचं बरोबर आहे. ही सोय प्रत्येक स्विचवर वेगळी ठेवता येते. काटा केबिन आणि टाइम ऑफिस : रिकव्हरी चालू, ३०० सेकंद. प्रशासकीय इमारत, शेतकी, लॅब : बंद. काट्याच्या कपाटाला कुलूप आहे आणि आत जोडलेली यंत्रं ठरलेली आहेत, त्यामुळे तिथे हे परवडतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, रात्रपाळी

कोअरच्या दोन्ही स्विचांवर, खाली जाणाऱ्या पोर्टांवर रूट गार्ड. लॅबच्या कपाटात एका पोर्टचा बीपीडीयू गार्ड मुद्दाम काढून तिथे शून्य प्राधान्याचा सुटा स्विच लावला. ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनीही लॅबकडचा पोर्ट त्या व्हीलॅनपुरता थांबवला. ‘शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स’मध्ये दोन्ही दिसले. सुटा स्विच काढला, काही सेकंदांत सगळं जागेवर.

या चाचणीत एक गोष्ट डोळ्यांसमोर आली ती बरी झाली : रूट गार्ड लागला तेव्हा लॅबच्या त्या व्हीलॅनमधले सगळे संगणक तुटले. बीपीडीयू गार्ड एक पोर्ट कापतो, रूट गार्ड कपाट कापतो. म्हणून पहिली भिंत टोकालाच हवी.

मग कपाटांच्या बाजूनं लूप गार्ड. फायबरची एक तार मेली आणि दुसरी जिवंत राहिली, तर राखीव पोर्टला बीपीडीयू मिळणं थांबतं. रॅपिडमध्ये तीन हॅलो (दर दोन सेकंदांनी येणारे बीपीडीयू), म्हणजे सहा सेकंद गेले की तो समजतो पलीकडे कोणी नाही, आणि उघडतो. तिथेच लूप. लूप गार्ड असला तर तो उघडण्याऐवजी ‘लूप-इनकन्सिस्टंट’ होऊन थांबतो. एकाच पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड दोन्ही चालत नाहीत. आमच्या मांडणीत तशी गरजही नाही, एक कोअरच्या टोकाला, दुसरा कपाटाच्या.

चाचणीसाठी एक तार उपसून बघितली, तर दोन्ही बाजूंचे दिवे गेले. गिगाबिट फायबरचं ऑटो-निगोशिएशन एवढं काम स्वतःच करतं. म्हणून खोटं सोंग आणलं : ‘ब’वरच्या एका पोर्टला तेवढ्यापुरता बीपीडीयू फिल्टर. कपाटाकडे बीपीडीयू थांबले, लॉगमध्ये ‘लूपगार्ड-ब्लॉक’. फिल्टर लगेच काढला आणि दुसऱ्या माणसाकडून तो काढल्याची खात्री करून घेतली. यूडीएलडी फायबरच्या पोर्टांवर दोन्ही टोकांना चालू केलं. को-जनकडे मात्र ते निरुपयोगी, पलीकडच्या स्विचला ती भाषा येत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

गोदामं. कोअर ‘अ’ ते गोदाम १, मग २, ३, ४, आणि ४ पासून डिस्टिलरीकडे एक फायबर. कुणीतरी चांगल्या हेतूनं वर्तुळ पूर्ण केलेलं. कोअर–गोदाम १ तुटलं आणि त्याच वेळी डिस्टिलरीचा ‘अ’कडचा अपलिंकही गेला, तर वाट अशी : अ, ब, डिस्टिलरी, ४, ३, २, १, आणि त्यापुढे साखर काट्याचा स्विच. आठ. स्पॅनिंग ट्रीचे मूळ टायमर दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त सात स्विच धरून बेतलेले आहेत.

लेखा विभागानं विचारलं, सात-आठनं काय फरक पडतो. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरचं सांगितलं. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथलं नेटवर्क असंच वाढत वाढत या मर्यादेपलीकडे गेलं होतं, आणि ते कोसळल्यावर रुग्णालय काही दिवस कागद-पेनवर चाललं. तिथले आयटी प्रमुख जॉन हॅलम्का यांनी ते लपवलं नाही, म्हणून आपल्याला माहीत आहे. फायलीवर सही झाली.

गोदामांमधून जाणारी केबल बारा कोरची आहे, वापरात चारच. उरलेल्यांतून स्प्लाइस करून (फायबरच्या तारा सांधून) गोदाम ३ थेट कोअर ‘ब’ला जोडायचं, आणि गोदाम ४–डिस्टिलरी जोडणी काढायची. स्प्लायसर उद्या.

३० सप्टेंबर, मंगळवार

स्प्लाइस झालं. वाट कमी झाली. गोदामातल्या स्विचांमधले दुवे ‘टोक’ नाहीत, हे वहीत लाल शाईनं.

को-जनचा स्विच : तो फक्त प्रमाणित आरएसटीपी (सगळ्या व्हीलॅनसाठी एकच रॅपिड स्पॅनिंग ट्री) बोलतो. व्हीलॅन १ चे बीपीडीयू त्याला कळतात. इतर व्हीलॅनचे पीव्हीएसटी बीपीडीयू साधा मल्टिकास्ट समजून पुढे ढकलतो. एकाच अपलिंकवर आहे तोवर त्रास नाही. दुसरा अपलिंक जोडायचा नाही, असं कपाटावर लिहिलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

अग्निप्रदीपन वेळेवर झालं. त्यानंतर पहिला खरा प्रसंग आज सकाळी : शेतकी ऑफिसचा एक पोर्ट बीपीडीयू गार्डनं बंद केला. वहीत त्या पोर्टपुढे ‘प्रिंटर, मधली खोली’. जाऊन पाहिलं तर प्रिंटरची वायर काढून वाय-फाय राऊटर लावलेला, त्याच्या दोन पोर्टांत एकाच वायरीची दोन टोकं. बाकी ऑफिसातल्या कोणाला काही कळलंही नव्हतं. राऊटर काढला, ‘शट, नो शट’ (पोर्ट बंद करून पुन्हा उघडला), प्रिंटर चालू. त्या खोलीत वाय-फायची गरज खरी आहे. ॲक्सेस पॉइंटची मागणी स्टोअरला पाठवली.

टोपॉलॉजी बदलाचे आकडे सकाळी दहालाही आता स्थिर. शिल्लक : को-जनचा स्विच हंगाम संपल्यावर बदलणे, गेस्ट हाऊसकडचे दोन पोर्ट अजून ‘माहीत नाही’ जातीत, ते तोवर शटडाऊन.